कणसाच्या मोहरेचा रंग

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरातल्या वाटा चालणाऱ्यांच्या पायांनीच पडत, आणि एका गावची बातमी दुसऱ्या गावाला माणसाच्या तोंडूनच कळे. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून झाल्यावर थोडी स्वतःला लावून पाहावी.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राजधानीचं शहर उंचावर होतं आणि त्याला चहूबाजूंनी तट होता. खाली, बराच उतार उतरून गेलं की एक खोरं लागे. खोऱ्यात लहान लहान वाड्या होत्या. तिथली माणसं उतारावर नाचणी आणि वरी पिकवून राहत.

एकदा शत्रूनं शहराला वेढा घातला. वेढा काही उठेना. कोठारं रिकामी झाली. लोक झाडाचा पाला उकडून खाऊ लागले. मुलांच्या रडण्याचा आवाजसुद्धा बारीक होत गेला.

तेव्हा खोऱ्यातली माणसं पुढे आली. त्यांनी घरातला दाणा पोत्यात भरला, पोती डोक्यावर घेतली, आणि शत्रूला ठाऊक नसलेल्या एका चोरवाटेनं ती शहरात पोचवली. वेढा उठेपर्यंत ते हे करत राहिले. त्या वाटेवर गेलेले काही जण परत आले नाहीत. ज्यांनी दाणा दिला, त्यांच्या घरी त्या वर्षी पोटभर जेवण असं झालंच नाही.

शेवटी शत्रू कंटाळून निघून गेला. शहर वाचलं. पण ज्यांनी वाचवलं त्यांना द्यायला राजाजवळ काही उरलं नव्हतं. मग त्यानं आपल्या सिंहासनावरचा सोन्याचा पत्रा उतरवला आणि त्याच्या मोहरा पाडून घेतल्या. एका बाजूला नाकडोळे असलेला सूर्य, दुसऱ्या बाजूला धान्याचं कणीस. ज्या ज्या घरातून दाणा आला होता, त्या घरी राजा स्वतः गेला आणि एकेक मोहर देऊन आला.

"ही मोडू नका," तो प्रत्येकाला म्हणाला. "आज माझे हात रिकामे आहेत. माझ्या वंशाला जेव्हा काही देता येईल, तेव्हा ही दाखवा."

राजा गेला. त्याचा मुलगा गेला, नातू गेला. त्यांच्या काळातही राज्याला कधी फारशी बरकत आली नाही, आणि मोहरा घरोघरी तशाच राहिल्या. मग त्या राजाची पणती गादीवर आली. या राणीनं नदीवर मोठा बंधारा बांधवला. बंधाऱ्याखालचं माळरान ओलिताखाली आलं, आणि जिथे गवताशिवाय काही उगवत नसे तिथे काळीभोर शेतं तयार झाली.

राणीनं दवंडी पिटवली. "या शेतांवर पहिला हक्क दाणा देणाऱ्या घरांचा. ज्यांच्याकडे कणसाची मोहर असेल त्यांनी ती घेऊन यावं."

आता इथे एक अडचण होती. वेढ्यानंतर खोऱ्यातली घरं पांगली होती. कोणी शहरात येऊन राहिलं होतं, कोणी घाटापलीकडे गेलं होतं. कोणाच्या घरातून दाणा आला होता हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. खूण म्हणून होत्या त्या फक्त मोहरा. आणि मोहर पाडायचा जुना साचा टांकसाळीतून केव्हाच चोरीला गेला होता. तो ज्याच्या हाती असेल त्याला हव्या तेवढ्या मोहरा पाडता आल्या असत्या. सोनं तसंच, वजन तेच, सूर्य तोच, कणीसही तेच.

म्हणून राणीनं भानोबांना बोलावलं.

भानोबा हे राज्याचे पोतदार. खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं पारखून घेणं हे त्यांचं काम. केस पिकले होते, पाठ जरा वाकली होती, पण त्यांनी एखादं नाणं खरं म्हटलं की बाजारात कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, त्यामुळे भानोबांचीही स्वतःला दुसऱ्यांदा विचारायची सवय सुटली होती.

"राणीसरकार, काळजी नको," भानोबा म्हणाले. "त्या मोहरांच्या सोन्यात थोडं तांबं आहे. असं सोनं वर्षानुवर्षं पेटीत नाहीतर देव्हाऱ्यात पडून राहिलं की हळूहळू रंग धरतं. आधी मधासारखा, मग केशरी, आणि काठाला तांबूस. साचा चोरता येतो, पण काळ कोणी चोरू शकत नाही. मी रंगावरून ओळखीन."

ठरलेल्या सकाळी राजवाड्याच्या चौकात गर्दी झाली. भानोबा चौरंगापाशी बसले. समोर पांढरं कापड अंथरलं होतं आणि उजव्या हाताला त्यांचं भिंग होतं. एकेक जण येई, नाव-गाव सांगे, मोहर ठेवी. रंग धरलेली मोहर दिसली की भानोबा ती ठेवून घेत. ती राणी पुढे समारंभात स्वतःच्या हातानं परत करणार होती. पिवळीधमक मोहर आली की ते ती तिथल्या तिथे परत देत.

पिवळ्या मोहरा पुष्कळ आल्या. ज्याला परत पाठवावं तो हुज्जत घाली. "जुनीच आहे, घासून आणली," असं जो तो म्हणे. दुपारपर्यंत हे शब्द ऐकून भानोबांचे कान किटले.

अशा वेळी हौसाबाई पुढे आली.

हौसाबाई खोऱ्यातल्या उंबरवाडीची. तिचा नवरा वारला होता. पदरी दोन मुलगे, सुना, नातवंडं. त्यांच्या उतारावरच्या जमिनीची माती पावसानं धुऊन धुऊन खाली खडक उघडा पडला होता, आणि तिथे आता पेरलेलं उगवत नव्हतं. हे वर्ष सरलं की घाटापलीकडे जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबायचं, असं मुलांनी ठरवलं होतं. बांधाबांध सुरूही झाली होती. तेवढ्यात दवंडी आली. पिढ्यान् पिढ्या देवाच्या फळीवर ठेवलेली मोहर हौसाबाईनं काढली आणि ती पहाटेच निघाली.

तिनं नव्या फडक्याची गाठ सोडली आणि मोहर पांढऱ्या कापडावर ठेवली. ती आरशासारखी चमकत होती.

भानोबांनी मोहरेकडे वरवर पाहिलं. भिंगाला हात लावला नाही.

"बाई, ही नवी आहे."

"नवी नाही, बाबा. सासऱ्यांच्या आजोबांना मिळालेली. काल चिंच लावून राखेनं घासली."

"कशाला?"

"राणीसरकारांच्या हातात जायची. मळकी कशी द्यायची?"

"सकाळपासून सगळे हेच सांगताहेत."

"सगळ्यांचं मला ठाऊक नाही," हौसाबाई म्हणाली. "मी माझं सांगते."

"मोहर उचला, बाई. मागे लोक खोळंबलेत."

मग तिनं मोहर उचलली आणि पुन्हा फडक्यात बांधली. तिनं वाद घातला नाही की रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "आमचा दाणा पोचला होता. तो आम्ही मोहरेसाठी दिला नव्हता." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

तिच्यामागून गुणाजीशेट आले. हे शहरातले मोठे धान्याचे व्यापारी. त्यांच्या कोठारात कधी काही कमी नव्हतं, पण बंधाऱ्याखालची काळी जमीन पाहिल्यापासून त्यांचं मन तिच्यावर जडलं होतं. त्यांनी मखमलीचा तुकडा उलगडला.

"आमचे पणजोबा मूळचे खोऱ्यातले," गुणाजीशेट म्हणाले. "वेढा उठल्यावर शहरात आले. ही त्यांची मोहर."

मोहर पाहून जवळची माणसं माना उंचावून पाहू लागली. काठाला जांभळा रंग, आत निळसर झाक, आणि मध्यभागी कुसुंबी. सूर्याच्या किरणांवर मोराच्या पिसासारखी चमक होती.

भानोबांचा चेहरा खुलला. इतका वेळ पिवळ्या मोहरा पाहून डोळे शिणले होते. "असा रंग मी उभ्या जन्मात पाहिला नाही," ते म्हणाले. "खरी."

गुणाजीशेटांनी लवून नमस्कार केला आणि ते हसत हसत घरी गेले.

दुपार उलटली. चौक रिकामा झाला. भानोबा ठेवून घेतलेल्या मोहरा पेटीत रचू लागले. गुणाजीशेटांची मोहर हातात आली तेव्हा ती पेटीत ठेवायला त्यांचं मन होईना. संशय कसलाच नव्हता. सुंदर वस्तू पुन्हा पाहावीशी वाटते, तेवढंच. ते मोहर घेऊन उन्हात गेले आणि त्यांनी भिंग लावलं.

सूर्याच्या तोंडावर एक चरा होता. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. चऱ्याची कड अजून धारदार होती, म्हणजे चरा अलीकडचा. मग त्याच्या तळाशी पिवळं सोनं दिसायला हवं होतं. पण तळाशीही तोच जांभळा रंग भरला होता.

भानोबांनी मोहर तिरपी केली. सूर्याचं तोंड हा मोहरेचा सगळ्यांत उंच भाग. इतक्या पिढ्यांची बोटं फिरून तिथला रंग उडालेला असायला हवा, आणि खोलगट जागी तो गडद साचलेला असायला हवा. इथे उंचावर आणि खोलात रंग सारखाच होता, भिंतीला सफेदी लावावी तसा. त्याखाली धातूची झळाळीही दिसत नव्हती. त्यांनी मोहर नाकाशी नेली. गंधकाचा बारीक वास आला.

भानोबा चौकाच्या पायरीवर बसले.

उभ्या जन्मात जो रंग पाहिला नाही, त्याला आपण जुना म्हणालो. जे आपल्याला नवं होतं, तेच जुनं ठरवून बसलो.

मग त्यांच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. खोट्या रंगाला मी खरं म्हटलं. मग रंग नाही म्हणून ज्यांना परत पाठवलं, त्यांच्यातही कोणी खरं नसेल कशावरून? एकालाही मी भिंग लावलं नाही. ती उंबरवाडीची बाई. तिनं काय सांगितलं तेही मी धड ऐकलं नाही.

हे काम पुरं झालं की राणी भानोबांना भरदरबारी शेला-पागोटं देणार होती. गप्प बसलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. पारखणारे तेच, मग त्यांची पारख कोण तपासणार? पण भानोबा उठले, आणि दिवे लागायच्या आत राणीच्या महालात गेले.

त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

राणीनं शांतपणे ऐकून घेतलं. "गुणाजीशेटांचं उद्या दरबारात पाहता येईल," ती म्हणाली. "आज एवढ्या घाईनं का आलात?"

"त्या बाईसाठी आलो. मला तिच्या गावी जायची परवानगी द्या."

"स्वार पाठवते. तो तिला घेऊन येईल."

"नको, राणीसरकार. तिला परत पाठवलं ते मी. बोलवायलाही मीच जायला हवं."

राणीनं त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "जा, भानोबा. तुम्ही परत येईपर्यंत एकाही शेतात वाटपाची खूण रोवली जाणार नाही. आणि ज्यांना भिंग न लावता परत पाठवलंत, त्या सगळ्यांना मी पुन्हा बोलावणं धाडते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच भानोबा निघाले. खोऱ्यात उतरायला जवळची वाट तीच होती, जुनी चोरवाट. भानोबा या वाटेनं पूर्वी कधी गेले नव्हते. काही ठिकाणी पाऊल ठेवायला जेमतेम जागा होती. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ओला कातळ. झाडांच्या मुळांना धरून उतरावं लागे. उतरतानाच त्यांना धाप लागली.

एका कातळापाशी ते दम खायला थांबले आणि त्यांनी वर पाहिलं. हीच वाट चढून, डोक्यावर पोतं घेऊन, अंधारात, खाली शत्रू असताना माणसं आली होती. भानोबांचं घराणं शहरातलंच. वेढ्यात त्यांचे पणजोबा तटाच्या आत होते. त्यांच्या ताटात पडलेला दाणाही याच वाटेनं आला असणार. कणसाच्या मोहरेबद्दल भानोबांना सगळं ठाऊक होतं, तरी ही गोष्ट आपल्याही घराची आहे, हे त्यांच्या मनात आजवर आलं नव्हतं.

ते उंबरवाडीत पोचले तेव्हा हौसाबाईच्या अंगणात गोधड्यांची गाठोडी रचून ठेवली होती. थोरला मुलगा जातं उचलून बैलावर कसं लादायचं ते पाहत होता. हौसाबाईनं भानोबांना ओळखलं. तिनं आधी घोंगडी अंथरली, मग पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

भानोबा पाणी प्यायले. "हौसाबाई, मोहर पुन्हा पाहायला आलोय."

"एकदा पाहिलीत ना, बाबा."

"नाही पाहिली. नुसता रंग पाहिला."

हौसाबाई उंबऱ्यावर बसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सासूबाईंनी ती कधी घासली नव्हती. त्यांच्या सासूनंही नाही. फुलं वाहायच्या, दिवा लावायच्या, बस्स. मला वाटलं, एवढ्या मोठ्या घरी जायची तर स्वच्छ करावी. तुम्ही नवी म्हणालात तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. जमीन राहू द्या. पण वाडवडिलांनी एवढं जपलेलं मी एका सकाळी माझ्या हातानं धुऊन टाकलं. परत येताना सगळ्या वाटेत हेच मनात होतं."

"ती मोहर आणा," भानोबा म्हणाले. "जरा उन्हात पाहू."

तिनं मोहर आणली. भानोबांनी आधी दोन्ही बाजू नीट न्याहाळल्या, मग भिंग लावलं. या वेळी त्यांनी मुळीच घाई केली नाही. वरचा भाग लख्ख पिवळा होता, चिंचेनं आणि राखेनं आपलं काम चोख केलं होतं. मग त्यांनी कणसाचे दाणे पाहिले. दाण्यादाण्यांच्या मधल्या बारीक फटींत बोट पोचत नाही, राखही पोचत नाही. तिथे तांबूस रंग होता. काठाजवळ तो गडद होता आणि आत येता येता केशरी, मग मधासारखा होत मावळत गेला होता. किरणांच्या बेचक्यांतही तो होता. आणि त्या रंगाच्या आतून सोनं अजून झळकत होतं. सूर्याच्या नाकावर एक जुना चरा होता. त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि तळाशी तोच तांबूसपणा धरला होता.

भानोबांनी भिंग हौसाबाईच्या हातात दिलं.

"इथे पाहा. या दाण्याच्या कडेला."

हौसाबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. आधी तिला काही दिसेना. मग दिसलं.

"हे तांबडं?"

"तुमच्या सासूबाईंनी आणि त्यांच्या सासूनं जपलेलं आहे ते. गंधकाच्या धुरानं एका दिवसात चढणारा हा रंग नव्हे. याला पिढ्या लागतात."

"मग मी सगळं नाही पुसलं," हौसाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पदरानं टिपलं. "सगळं नाही पुसलं."

भानोबा घोंगडीवरून उठले आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "मी चुकलो, बाई. माझी नजर आळशी झाली होती. तुम्हाला उन्हातून रिकाम्या हातानं परत पाठवलं."

"हात नका जोडू. वयानं मोठे आहात." हौसाबाईला अवघडल्यासारखं झालं. "एवढी वाट उतरून स्वतः आलात. कोणी येतं का? तुम्ही आला नसतात तर मी उरलेला जन्म स्वतःला दोष देत बसले असते."

मग तिनं सुनेला चूल पेटवायला सांगितलं. नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन भानोबा तिला आणि तिच्या थोरल्या मुलाला घेऊन परत निघाले.

दरबार भरला. ज्यांना राणीनं पुन्हा बोलावलं होतं तेही आले होते. गुणाजीशेट पुढच्या रांगेत होते. भानोबांनी दोन कटोरे मागवले आणि दोन्हींत रिठ्याचं कढत पाणी ओतलं.

"खरा रंग सोन्यातूनच उमटलेला असतो, रिठ्याच्या पाण्याला तो दाद देत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वरून चढवलेला सुटतो." आणि त्यांनी एका कटोऱ्यात हौसाबाईची मोहर सोडली, दुसऱ्यात गुणाजीशेटांची.

थोड्याच वेळात गुणाजीशेटांच्या कटोऱ्यातलं पाणी गढूळ झालं. भानोबांनी मोहर काढून फडक्यानं पुसली. जांभळा, निळा, कुसुंबी, सगळे रंग फडक्यावर उतरले. हातात राहिली ती नुकती पाडलेली पिवळी मोहर. मग त्यांनी हौसाबाईची मोहर काढली आणि राणीच्या हाती भिंग दिलं. कणसाच्या दाण्यांमधला तांबूस रंग जिथल्या तिथे होता.

"गुणाजीशेट," राणीनं विचारलं, "वेढ्याच्या वेळी तुमचे पणजोबा खरोखर कुठे होते?"

गुणाजीशेट खाली पाहू लागले. चोरीचा साचा मिळवून मोहर पाडून घेतली, रंगाऱ्याकडून तिला गंधकाचा धूर देववला, हे तर आता उघडच झालं होतं. पण राणीच्या प्रश्नात दुसरंच काही होतं, आणि ते त्यांना बोलता बोलताच कळलं.

"इथेच होते," ते म्हणाले. "शहरात."

"काय खाऊन जगले?"

गुणाजीशेटांना आता आठवलं. त्यांच्या घरी वडीलधारी माणसं वेढ्याच्या गोष्टी सांगत. झाडपाल्याच्या, आणि मग एका सकाळी अचानक मिळालेल्या नाचणीच्या पेजेच्या. ती पेज पिऊन त्यांचे आजोबा लहानपणी वाचले होते.

"मीही त्यातलाच आहे, शेट," भानोबा हळूच म्हणाले. "मलाही परवापर्यंत आठवण नव्हती."

मग राणीनं हौसाबाईला विचारलं, "यांचं काय करावं, तुम्ही सांगा. यांनी तुमचा वाटा घेतला असता."

हौसाबाई गोंधळली. दरबारात बोलायची तिला सवय नव्हती. "मी काय सांगू, राणीसरकार," ती म्हणाली. "आमच्या माणसांनी दाणा आणला तेव्हा कोण चांगलं, कोण वाईट असं विचारलं नव्हतं. यांचे आजोबा जगले हे चांगलंच झालं."

हे ऐकून गुणाजीशेटांनी हौसाबाईपुढे हात जोडले.

राणीनं निवाडा केला. गुणाजीशेटांना जमीन मिळणार नाही. नव्या शेतांचं पहिलं बियाणं त्यांच्या कोठारातून जाईल, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत त्या घरांना लागणारा दाणाही तेच पुरवतील. गुणाजीशेटांनी मान झुकवली. पुढे लोक सांगत, की बियाण्याची पहिली पोती शेतावर पोचवायला ते स्वतः गाडीबरोबर चालत गेले होते, आणि तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग भानोबांनी आपलं भिंग राणीच्या पायापाशी ठेवलं. "राणीसरकार, हे काम आता दुसऱ्या कोणाला द्या. माझ्या शब्दावर लोकांनी का विश्वास ठेवावा?"

"परवापर्यंत तुम्ही चुकत नाही म्हणून लोक विश्वास ठेवत होते," राणी म्हणाली. "आजपासून तुम्ही चुकलात तर परत येता म्हणून ठेवतील. भिंग उचला. बाहेर माणसं वाट पाहताहेत."

भानोबांनी भिंग उचललं. त्या दिवशी त्यांनी परत पाठवलेली प्रत्येक मोहर नव्यानं पाहिली. काही खरोखर खोट्या निघाल्या, आणि त्या आणणारे मान खाली घालून निघून गेले. पण आणखी काही घरांच्या मोहरा हौसाबाईच्या मोहरेसारख्याच निघाल्या, श्रद्धेनं घासलेल्या आणि तरीही जुन्या. त्या घरांतली माणसं भानोबांचे आभार मानू लागली, तेव्हा ते प्रत्येकाला एकच सांगत, "माझे नको. उंबरवाडीच्या बाईचे माना. तिनं मला दुसऱ्यांदा पाहू दिलं."

हौसाबाईच्या मुलांनी बांधलेली गाठोडी सुटली ती घाटापलीकडे नव्हे, तर बंधाऱ्याखालच्या नव्या शेताच्या कडेला. त्या वर्षी तिथे पीक चांगलं आलं. नवा दाणा घरात आला तेव्हा हौसाबाईनं भानोबांना जेवायला बोलावलं, आणि पहिलं पान त्यांना वाढलं. भानोबांनी घास घेण्यापूर्वी डोळे मिटले. काय म्हणाले ते कोणाला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होते.

मंडळी, या गोष्टीचा बोध इतकाच: ज्यांच्या उपकारावर आपण जगतो त्यांना ओळखण्यात चूक झाली, तर लाज बाजूला ठेवून त्यांच्या दारापर्यंत परत जावं.